भट्टीपुढची ड्युटी आणि शुगरचे आकडे

शिरोलीकर | १२ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पोअरिंगला (वितळलेलं लोखंड साच्यात ओतायच्या कामावर) सुपरवायझर आहे. वय पन्नाशीच्या पुढं, टाइप २ मधुमेह. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी, रात्री ग्लार्जिन (दिवसभर हळूहळू काम करणारं) इन्शुलिन, शिवाय बीपीची गोळी. हिवाळ्यात माझे आकडे शहाण्या पोरासारखे वागतात. मार्च उजाडला की बिघडतात.

डबा तोच, गोळ्या त्याच, चालणं तेवढंच. तरी एखाद्या दिवशी दुपारी दीडला ६४, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला २४८. आमच्या घरच्यांचं ठाम मत, "गेटाबाहेर उसाचा रस ढोसत असणार." पीत नाही हो!

मला एक गोष्ट दिसलीय, बरोबर की चूक ते जाणकारांनी सांगावं. ज्या दिवशी हीटवर हीट (भट्टीतून एका वेळी निघणारं वितळलेलं लोखंड) निघते आणि लॅडलमागं (ते वाहून न्यायच्या भांड्यामागं) पळापळ असते, त्या दिवशी शुगर खाली येते. साचे तयार नाहीत म्हणून मेटल भट्टीत होल्डवर ठेवलेलं असतं आणि आम्ही नुसते तापलेल्या शेडमध्ये उभे असतो, त्या दिवशी वर जाते. ओतायचं लोखंड १४०० अंशांच्या आसपास असतं. बाहेर एप्रिल आणि आत हे.

तर विचारायचं असं, की उष्णतेनं शुगर वाढते का कमी होते? आमच्यात कुणी म्हणतं घामातून साखर निघून जाते. दुसरं म्हणजे सेकंड शिफ्टला इन्शुलिनचं पेन सोबत न्यावं लागतं, शॉपवर फ्रीज नाही, ठेवायचं कुठं? आणि तिसरं, प्यायचं काय?

---

एसटीवाल्याची_लेक | १२ एप्रिल, रात्री ११:०५

वाचतेय. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, त्यांचंही उन्हाळ्यात अगदी असंच व्हायचं. सविस्तर उद्या लिहिते.

---

जुनाजाणता | १३ एप्रिल, सकाळी ६:५०

आमचे आजोबा वैशाखात नांगर धरायचे, त्यांना कसली शुगर नि कसलं काय. कारल्याचा रस घ्या अनशापोटी, गोळ्या सुटतील.

---

वऱ्हाडी_डॉक्टर | १३ एप्रिल, दुपारी ३:२०

अकोल्यात फिजिशियन आहे. आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा अशा पेशंटांची रांगच लागते. इथं बसून तुम्हाला तपासता येत नाही, त्यामुळे डोसाचं जे काय ते तुमच्या डॉक्टरांशी ठरवा. कारणं मात्र सांगतो.

घामातून साखर जात नाही. घामात ग्लुकोज असतं ते नगण्य. वाढते की कमी होते, याचं उत्तर दोन्ही. आणि शिरोलीकर, कोणत्या दिवशी काय होतं ते तुम्ही अचूक पकडलंय.

पळापळीच्या दिवशी राबणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. त्यात ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, मग रक्तातली साखर आधीच उतरलेली का असेना. उन्हाळ्यात भूक मरते. डब्यातल्या दोन भाकरींपैकी एक परत येते, पण गोळी पुरीच गिळलेली असते. तुमचे ६४ तिथून येतात. इन्शुलिन टोचणाऱ्यांसाठी आणखी एक भर: अंग तापलं की कातडीकडं रक्त जास्त वाहतं आणि टोचलेलं इन्शुलिन लवकर रक्तात उतरतं. जेवणाआधी घ्यायच्या झटपट इन्शुलिनमध्ये हे ठळक दिसतं, ग्लार्जिनमध्ये तितकं नाही.

नुसतं उभं राहायच्या दिवशी घाम तेवढाच गळतो, पण स्नायू साखर खात नाहीत. अंगातलं पाणी घटलं की तीच साखर कमी पाण्यात उरते, आकडा वर दिसतो. शरीराला हा ताण वाटतो, ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल वाढतात, यकृत साठवलेली साखर बाहेर काढतं. शुगर साधारण १८० च्या पुढं गेली की मूत्रपिंड जास्तीची साखर लघवीत सोडायला लागतं आणि ती साखर आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणजे पाणी कमी म्हणून शुगर जास्त, शुगर जास्त म्हणून पाणी अजून कमी. संध्याकाळपर्यंत माणूस पार गळून जातो.

यातच एक फसगत आहे. "लघवी स्वच्छ होतेय, म्हणजे पाणी पुरेसं आहे" हा कामगारांना शिकवला जाणारा नियम मधुमेह्याला धड लागू पडत नाही. शुगर चढलेली असेल तर अंग कोरडं पडत असतानाही लघवी भरपूर आणि फिकी होते. त्यापेक्षा शिफ्टच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरलं म्हणजे अंदाजे एक लिटर पाणी गेलं, आणि तेवढं परत पोटात गेलं नाही.

बीपीची गोळी कोणती? शुगरसाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन कधी चालू होतं का? या गोळ्या मुद्दाम लघवीतून साखर काढतात, त्यामुळे पाणीही जातं. हृदयासाठी, मूत्रपिंडासाठी त्या चांगल्या आहेत, आम्ही भरपूर देतो. पण भट्टीवर काम करणाऱ्याला देताना चार प्रश्न जास्त विचारावे लागतात.

(जुनाजाणता, आजोबांच्या काळात शुगर मोजायला मीटर तरी होतं का? कारलं भाजी म्हणून खा. रसाच्या भरवशावर गोळी सोडलेले दरवर्षी ॲडमिट होताना बघतो.)

---

शिरोलीकर | १३ एप्रिल, रात्री ९:१५

डॉक्टरसाहेब, इतकं निवांत बसून कुणी सांगितलं नव्हतं. डॅपा वगैरे नाही. बीपीच्या गोळीचं पाकीट बघितलं, टेल्मिसार्टन आहे आणि नावापुढं 'एच' आहे.

---

वऱ्हाडी_डॉक्टर | १३ एप्रिल, रात्री ९:५०

तो 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. लघवीवाटे मीठ-पाणी काढून बीपी उतरवणारं औषध, काहींची शुगरही थोडी वाढवतं. तुम्ही आठ तास घाम गाळणार, वर गोळीही पाणी काढणार. उन्हाळ्यापुरती दुसरी गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. मनानं बंद करू नका, बीपी उसळेल. आणि भट्टीपुढं उभं राहायचं काम आहे हे त्यांना सांगितलंय का? बरेच पेशंट व्यवसायाच्या रकान्यात नुसतं 'नोकरी' लिहितात, आम्हाला वाटतं टेबलावर बसत असतील.

---

युनियनबाज | १३ एप्रिल, रात्री १०:३०

डॉक्टरांना सांगेल हो, कंपनीला कोण सांगणार? आमच्याकडं (गाव सांगत नाही) एकानं मेडिकलच्या वेळी इन्शुलिन घेतो म्हणून खरं सांगितलं, तर त्याला पोअरिंगवरून काढून गेटवर बसवलं आणि ओव्हरटाइम बंद झाला. पगारात किती फरक पडतो ते घर चालवणाऱ्यालाच कळतं. तेव्हापासून सगळे गप्प. टॉयलेटमध्ये जाऊन इंजेक्शन घेतात.

पाण्याचंही तेच. १९४८ च्या कारखाना कायद्यात अडीचशेच्या वर कामगार असतील तिथं उन्हाळ्यात पाणी गार करून द्यायची तरतूद होती. कूलर असतो, पण तो ऑफिसच्या बाजूला. पोअरिंगवाला लॅडल सोडून तिथवर जाणार कधी?

---

खाडीपल्याड | १४ एप्रिल, सकाळी ११:१०

मूळ दापोलीचा, सध्या ओमानमध्ये सोहारला स्कॅफोल्डिंगवर. इथं जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम कायद्यानं बंद असतं, यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर साडेबारा ते तीन. कायदा बरा आहे, पण सकाळी अकराचं ऊन काही कमी नसतं.

आमच्या साइटवरचा नियम चांगला वाटला म्हणून सांगतो. गावाहून सुट्टी काढून परत आलेल्या माणसाला पहिला आठवडा पूर्ण काम देत नाहीत, थोडं थोडं वाढवत नेतात. उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात आणि सुट्टीत ती मोडते. पाण्याचंही तसंच, तहान लागायची वाट बघायची नाही, दर पंधरा-वीस मिनिटांनी एक कप. फोरमन शिट्टी मारतो, सगळे पितात. मधुमेही कोण, बीपीवाला कोण हे कुणाला कळतच नाही. युनियनबाज दादा, हे तुमच्याकडं मागता येईल बघा. आजार सांगायलाच नको.

दंडाला शुगर मोजायचा सेन्सर लावत असाल तर घामानं त्याची चिकट पट्टी सुटते. वर वेगळी टेप मिळते, तिनं निभतं.

---

एसटीवाल्याची_लेक | १४ एप्रिल, दुपारी २:००

परवा म्हटलं तसं बाबांचं लिहिते. जुन्या लाल गाडीत इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, बॉनेटखाली. क्लचचा पाय त्याच्या शेजारी. एका मे महिन्यात आईला मोज्यावर पिवळट डाग दिसला, मोजा काढला तर डाव्या टाचेच्या कडेला रुपयाएवढा फोड फुटलेला. बाबांना पत्ताच नव्हता. केबिनचा पत्रा तापून भाजलं होतं, पण पायाची संवेदना गेलेली. भरायला पावसाळा संपावा लागला.

तेव्हा पोडियाट्रिस्टनी (पायांच्या डॉक्टरांनी) सांगितलं होतं, नसा बिघडलेल्या मधुमेह्याच्या पायाला घामही कमी येतो. कातडी कोरडी पडून चिरते आणि त्या भागाला थंडावा मिळत नाही. शिरोलीकर काका, सेफ्टी शूज काढल्यावर रोज तळवा आणि बोटांच्या बेचक्या बघता ना? वाकवत नसेल तर खाली आरसा ठेवून बघा.

---

कागलचा_गडी | १४ एप्रिल, रात्री ८:४५

आमच्या शॉपवर मागं एक पोरगा शेकआउटला (साचे फोडून माल काढतात तिथं) काम करता करता कोसळला. सगळे म्हणाले ऊन लागलं. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी पाणी मारलं. नंतर कळलं की त्याला लहानपणापासून इन्शुलिन आहे आणि शुगर चाळिशीत गेलेली. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी, दोन्हींत तेच असतं. ओळखायचं कसं?

---

वऱ्हाडी_डॉक्टर | १४ एप्रिल, रात्री ११:१५

लक्षणांवरून मीसुद्धा पैज लावणार नाही. बोटाला टोचून बघायचं, ७० च्या खाली म्हणजे लो. मीटर जवळ नसेल, माणूस मधुमेही असेल आणि गिळण्याइतका शुद्धीवर असेल, तर लो आहे असं समजून साखर द्या. तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात घालून, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी परत बघा, तशीच असेल तर परत तेवढीच. निदान चुकलं तर शुगर थोडी चढेल, ती उतरवता येते. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणी, साखर, कांदा काहीच नाही. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. अंग चटका बसेल इतकं तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात. तिथं ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला. जागच्या जागी केलेलं गार करणंच जीव वाचवतं.

आणखी एक, बीपीसाठी किंवा छातीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर लो झाल्यावर होणारी धडधड आणि थरथर दबते. घाम तेवढा येतो, आणि भट्टीपुढं घामाकडं कोण लक्ष देणार?

---

साधं_वरण | १५ एप्रिल, सकाळी १०:००

आहारतज्ज्ञ आहे, प्यायचं काय एवढ्यावरच बोलते.

मुख्य पेय साधं पाणीच. वेळेवर जेवत असाल तर मीठ बहुतेक जेवणातूनच भरून येतं. पातळ ताक, साखर न घातलेलं लिंबूपाणी, कोकमाचं आगळ पाण्यात घालून, हे सगळं चालेल. बीपी आहे म्हणून मीठ चिमटीपुरतंच. उसाच्या रसाच्या एका ग्लासात ३० ग्रॅमच्या आसपास साखर जाते, कधी जास्तच. कंपनीतून फुकट मिळतं ते केशरी सरबतही त्याच पंगतीतलं. २४८ च्या दिवशी सरबत होतं का, ते आठवून बघा!

ओआरएसला मधुमेही उगाच घाबरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या एक लिटरच्या पाकिटात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे २०० मिलीच्या ग्लासाला तीन ग्रॅमसुद्धा नाही. उलट्या-जुलाब झाले किंवा तासन्‌तास घाम गळून गळाठा आला तर ते बिनधास्त घ्या. घोळ खोक्यातल्या गोड पेयांनी केला होता. नावात ओआरएस, आत साखरच साखर. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं सूत्रात न बसणाऱ्या पेयांना नावात ओआरएस वापरायला मनाई केली. तरी पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय ठेवा.

मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असून पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर वरचं काही लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.

---

चांद्याचा_बाळू | १५ एप्रिल, दुपारी १:३०

इन्शुलिन ठेवायचं मी सांगतो. चंद्रपुरात राहतो, म्हणजे अनुभवाला तोटा नाही बाप्पा. शेतावर लाइटचा भरवसा नाही, म्हणून आईचं इन्शुलिन माठात. मोठं मडकं, त्यात लहान मडकं, मधल्या फटीत वाळू, वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची. कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात, वर ओलं फडकं. सावलीत आणि वाऱ्याच्या तोंडाशी ठेवायचं, बंद खोलीत ठेवलं तर काही उपयोग नाही.

---

खाडीपल्याड | १५ एप्रिल, दुपारी ४:२०

कोकणात मात्र ही युक्ती अर्धीच चालते. हवाच इतकी दमट की पाणी उडत नाही, मग मडकं गार होणार कसं? दापोलीला मे महिन्यात आमचा माठ नावालाच माठ असतो.

---

वऱ्हाडी_डॉक्टर | १५ एप्रिल, रात्री १०:०५

दोघंही बरोबर. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या दारात. बर्फाच्या कप्प्यात नको, एकदा गोठलं की वाया गेलं. वापरात असलेलं पेन बहुतेक कंपन्यांच्या चिठ्ठीप्रमाणं ३० अंशांपर्यंत चार आठवडे चालतं. केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतलं तापमान धरून डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठानं तपासणी केली होती, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसरात्र २५ ते ३७ अंशांत खालीवर होऊनही इन्शुलिन चार आठवडे टिकलं होतं. म्हणजे घरात फ्रीज नाही म्हणून इन्शुलिन सोडायचं कारण नाही. पण ३७ वेगळे आणि भट्टीशेजारचं लॉकर वेगळं. मोटारसायकलची डिकी, गाडीचा डॅशबोर्ड, शॉपमधली पत्र्याची कपाटं यांत ठेवू नका.

पेनवर सुई लावून ठेवू नका, तापून-निवून आत हवा शिरते आणि डोस कमी पडतो. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, गढूळ दिसलं तर फेका. मिक्स इन्शुलिन मुळातच दुधट असतं, ते बघून घाबरू नका.

मीटरही माणसासारखंच तापतं. बहुतेक मीटर ४० अंशांपर्यंत चालतात, त्यापुढं एरर दाखवतात. स्ट्रिपची डबी उघडी राहिली तर दमटपणानं आकडे चुकतात.

---

शिरोलीकर | २६ एप्रिल, रात्री ९:३०

मंडळी, डॉक्टरांकडं जाऊन आलो. धाग्यातले मुद्दे कागदावर लिहून नेले होते. ग्लिमेपिराइड कमी केलं, 'एच'वाली गोळी बदलली. भट्टीपुढं असतो हे ऐकून म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, विचारलं कुणी?

आता मीटर पॅटर्न शॉपच्या (साच्यांचे नमुने बनतात त्या विभागाच्या) ऑफिसात ठेवलंय, तिथं एसी आहे. शिफ्टच्या आधी आणि जेवायच्या सुट्टीत बघतो. एक सांगायचं राहिलं. परवा मीटरवर ३११ आले, पोटात गोळाच आला. मग आठवलं, शेजारच्याला लो वाटत होतं म्हणून त्याच्यासाठी ग्लुकोज पावडर कालवली होती आणि हात नुसते कापडाला पुसले होते. साबणानं धुऊन परत टोचलं तर १५२. भट्टीवाल्यांनी बोटं धुतल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये.

शिट्टीची कल्पना सेफ्टी मीटिंगला मांडली. मंजूर झाली, फक्त कूलर हलवायला मेंटेनन्सला वेळ नाही म्हणे. तोवर पोअरिंगला दोन जार आणून ठेवलेत.

सरबताचं साधं_वरण ताईंचं खरं निघालं. होल्डच्या दिवशी हात रिकामे असायचे, दोन-तीन ग्लास सहज जायचे. घरच्यांना हे सांगितलेलं नाही.

आता सोमवारपासून सेकंड शिफ्ट, साडेतीन ते बारा. रात्री दहाचं ग्लार्जिन शॉपवरच घ्यावं लागणार. पेन एसीच्या ऑफिसात ठेवू की थर्मासमध्ये?

---

युनियनबाज | २६ एप्रिल, रात्री १०:००

दोन जार आले म्हणजे अर्धी लढाई जिंकलात. ऑफिसात ठेवलंत तर किल्ली कुणाकडं असते ते आधी बघून ठेवा.

---

वऱ्हाडी_डॉक्टर | २६ एप्रिल, रात्री १०:४०

ग्लार्जिन दिवसातून एकदाच आहे ना? मग रोज ठरलेल्या वेळी घेणं महत्त्वाचं, ती वेळ दहाच असली पाहिजे असं नाही. कायमची सकाळी घरून निघायच्या आधीची वेळ ठरवता येईल का ते डॉक्टरांना विचारा. वेळ बदलतानाचा मधला डोस कसा घ्यायचा तेही तेच सांगतील. जमलं तर पेन घरच्या फ्रीजजवळच राहील, शॉपवर न्यायचा प्रश्नच मिटला.

---

शिरोलीकर | २६ एप्रिल, रात्री १०:५२

हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या फोन करतो.